पेन ड्राइव्ह ओळखला जात नाही? फॉरमॅटचे बटण दाबण्याआधी या चुका टाळा

पेन ड्राइव्ह लावल्यावर विंडोज ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा’ असे म्हणते, तेव्हा तुमच्या फायली गेल्या असा त्याचा अर्थ नसतो. विंडोजला फक्त फायलींची नोंदवही वाचता आलेली नसते. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद पेन ड्राइव्हच्या थोड्याशा जागेत असते. ती बिघडली की अख्खा ड्राइव्ह कॉम्प्युटरला अनोळखी होतो. सातबाऱ्यावरची नोंद खोडली गेली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच हे. पण समोर ‘फॉरमॅट डिस्क’चे बटण ठळक दिसते आणि बोट तिकडेच जाते. फॉरमॅट हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: आत हवे असलेले काही आहे का, आणि बिघाड नेमका कुठे आहे.

कुठे अडले आहे ते न पाहता उपाय सुरू करणे

सगळ्यात आधी पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून असलेले पोर्ट आतल्या एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर सैल असणे, पोर्टमध्ये धूळ बसणे हे नेहमीचेच. पाठीमागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तिथे लावून पाहा. मध्ये हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारे साधन) असेल तर तो काढा. मग ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे नीट चालला तर दोष ड्राइव्हचा नाही, आणि फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही.

दोन्हीकडे तेच झाले तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. उघडताच ‘डिस्क इनिशियलाइज करायची का’ असे विचारले तर कॅन्सल करा. आपल्याला आत्ता फक्त बघायचे आहे, काही लिहायचे नाही. खालच्या भागात पेन ड्राइव्हची पट्टी कशी दिसते यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

पट्टी निळी, आकार बरोबर, पण ड्राइव्हला अक्षरच (‘ई:’, ‘एफ:’ असे) नाही, असे दिसले तर सुटलात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेले असते, तेव्हा हे हमखास होते. पट्टीवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून मोकळे अक्षर द्या, फायली जशाच्या तशा दिसतील.

‘रॉ’ असे लिहिलेले असेल तर फाइल सिस्टीम, म्हणजे फायली मांडण्याची आणि नोंदवण्याची पद्धत, बिघडली आहे. काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ असेल तर पार्टिशनची (ड्राइव्हवर आखलेल्या विभागाची) नोंद गेली आहे. या दोन्हींत फायली परत मिळण्याची बरीच आशा असते.

‘नो मीडिया’ आले तर मामला गंभीर आहे. ड्राइव्हमधला कंट्रोलर (कारभार सांभाळणारी चिप) कॉम्प्युटरशी बोलतो आहे, पण ज्या मेमरी चिपमध्ये डेटा आहे तिच्याशी त्याचा संपर्क तुटला आहे. इथे फॉरमॅट होतच नाही, कोणतेही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही. डेटा फार महत्त्वाचा असेल तर चिपमधून थेट वाचणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावे लागते.

आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच दिसत नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ पाहा. तिथे पिवळ्या खुणेसह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ किंवा ‘कोड ४३’ दिसला तर ते डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, ड्राइव्ह काढा आणि कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे हे त्याच्या बरोबरीचे नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज ड्रायव्हरसकट (जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रामसकट) आपली स्थिती साठवून ठेवते आणि तीच परत उघडते. रीस्टार्टमध्ये खरी नवी सुरुवात होते.

पिन वाकलेला किंवा प्लगजवळ हलणारा पेन ड्राइव्ह मात्र एका विशिष्ट कोनात धरून पुन्हापुन्हा चालवू नका. आतला सोल्डर तुटत आलेला असतो आणि प्रत्येक हिसक्याने तो आणखी सुटतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला हा सांधा जोडता येतो, सर्किटवरच्या तांब्याच्या पट्ट्या उखडायच्या आधी नेला तर.

चांगल्या ड्राइव्हला बिघडलेला समजणे

लिनक्स इन्स्टॉल करण्यासाठी बूटेबल केलेला (कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू होईल असा) पेन ड्राइव्ह नंतर विंडोजला लावला की १६ जीबीच्या जागी काही एमबी दिसतात, वर फॉरमॅट करा असा निरोप. तो बिघडलेला नाही. विंडोजला न कळणारी फाइल सिस्टीम आणि एक छोटे पार्टिशन त्यात आहे, इतकेच. मॅकवर फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हचेही तेच. डिझायनरने किंवा फोटोग्राफरने दिलेला ड्राइव्ह उघडला नाही, तर आधी त्यांना विचारा की तो मॅकवर तयार केला का. असे न विचारता फॉरमॅट केलेल्या लग्नाच्या फोटोंची हळहळ फार दिवस राहते.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ई-टेंडरसाठी, ग्रामपंचायतीच्या किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचे जे टोकन मिळते, ते पेन ड्राइव्हसारखे दिसते पण पेन ड्राइव्ह नाही. लावल्यावर बहुधा छोटी सीडी ड्राइव्ह दिसते, तिच्यात त्याचा ड्रायव्हर असतो. ते ओळखले जात नसेल तर तो ड्रायव्हर टाका. टोकन ‘इनिशियलाइज’ केले तर आतले प्रमाणपत्र पुसले जाते आणि नवे काढावे लागते.

आणखी एक ओळखीचा प्रकार: झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या ड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी फक्त शॉर्टकट दिसतात. व्हायरसने फायली लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच व्हायरस चालू होतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’समोरची खूण काढा. काही वेळा सगळा डेटा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये हलवलेला सापडतो. कामाची कागदपत्रे, फोटो कॉप्या करून घ्या, अनोळखी प्रोग्राम उचलू नका, अँटिव्हायरसने तपासा आणि मग ड्राइव्ह फॉरमॅट करा.

डेटा काढण्याच्या घाईत त्याच ड्राइव्हवर लिहिणे

‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ ड्राइव्हमधून फायली हव्या असतील तर नियम एकच आहे आणि तो कितीही वेळा सांगितला तरी कमी आहे: त्या ड्राइव्हवर एक अक्षरही लिहायचे नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यावर टाकायचे नाही आणि परत मिळालेल्या फायलीही त्यावर साठवायच्या नाहीत. दुसऱ्या डिस्कवर तेवढी जागा आधी मोकळी करा.

टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी मोफत आहे, मुक्त स्रोताची आहे आणि पैसे मागणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामपेक्षा मला ती भरवशाची वाटते. पार्टिशन हरवले असेल तर टेस्टडिस्क ते शोधून देतो. शोधून दाखवण्यापर्यंत ठीक, पण दुरुस्ती ड्राइव्हवर लिहिण्याआधी फायली त्याच्याच यादीतून दुसरीकडे कॉपी करून घ्या. फाइल सिस्टीमच उरली नसेल तर फोटोरेक. तो फायलीच्या सुरुवातीची ठरलेली खूण ओळखून जेपीजी, पीडीएफ, डॉक्युमेंट उचलतो. त्यामुळे मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत, आकड्यांच्या नावांचा ढीग हाती येतो. तुकड्यातुकड्यांनी साठवलेल्या मोठ्या फायली, विशेषतः व्हिडिओ, अर्धवट निघू शकतात.

वाचताना ड्राइव्ह मध्येच अडत असेल, गरम होत असेल किंवा गायब होत असेल तर त्यावर थेट शोधाशोध करू नका. प्रत्येक वाचन त्याला जड जात असते. लिनक्सवरच्या ‘डीडीरेस्क्यू’ने आधी संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका फाइलमध्ये उतरवा. तो सोपा भाग आधी वाचतो, अडणारा भाग नंतरसाठी ठेवतो. मग सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा.

‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा ‘चेकडिस्क’ हाही असाच एक घाईचा उपाय. ते फाइल सिस्टीम सुसंगत करायला बनवले आहे, तुमच्या फायली वाचवायला नाही. ज्याची नोंद जुळत नाही तो भाग ते ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फायली करून टाकते, आणि तिथून काय कुठले हे शोधत बसावे लागते. ड्राइव्ह उघडत असेल तर आधी कॉपी, मग हवे तेवढे स्कॅन.

फॉरमॅट आधीच होऊन गेला असेल तर? ‘क्विक फॉरमॅट’ असेल तर धीर सोडू नका. त्यात फक्त नोंदवही नवी होते, जुना डेटा नवीन काही लिहीपर्यंत बराचसा जागेवर असतो. ड्राइव्ह काढून ठेवा आणि फोटोरेक चालवा. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल तर मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर परत मिळण्यासारखे काही उरत नाही.

फॉरमॅट करतानाच्या चुका

आत काही नको आहे, किंवा हवे ते काढून झाले. आता फॉरमॅट. फाइल एक्सप्लोररमधून राइट क्लिक करून झाला तर उत्तमच. ‘फॉरमॅट पूर्ण होऊ शकला नाही’ असे आले, किंवा आकार चुकीचा दिसत असेल, तर विंडोजमधलेच कमांड लिहून चालवायचे ‘डिस्कपार्ट’ लागते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिस्कपार्ट चालवायचे, ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहायची, ‘सिलेक्ट डिस्क’ लिहून पुढे पेन ड्राइव्हचा क्रमांक द्यायचा, मग ‘क्लीन’, मग ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’. इथून बाहेर पडून फॉरमॅट नेहमीच्या पद्धतीने केला तरी चालतो.

यातली भयंकर चूक एकच: चुकीचा क्रमांक. ‘क्लीन’ दाबल्यावर ‘नक्की का?’ असे कोणी विचारत नाही. ०, १ हे क्रमांक बहुधा आतल्या डिस्कचे असतात. आकारावरून ओळखा, इतर सगळे बाहेरचे ड्राइव्ह काढून ठेवा, आणि ‘क्लीन’च्या आधी पुन्हा एकदा ‘लिस्ट डिस्क’ करून तारांकन कुठल्या ओळीसमोर आहे ते पाहा. चुकलेच तर तिथेच थांबा. ‘क्लीन’ पार्टिशनची नोंद पुसते, बाकी डेटा असतो आणि टेस्टडिस्क मदत करू शकतो. ‘क्लीन ऑल’ मात्र सगळे पुसते.

मग फाइल सिस्टीम. गाडीचा म्युझिक प्लेयर, देवळातला भजनांचा साउंड सिस्टीम, जुना टीव्ही यांना ‘फॅट ३२’ लागते. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, म्हणून ३० जीबी जागा मोकळी असूनही मोठा व्हिडिओ ‘फार मोठा आहे’ म्हणून नाकारला जातो. त्यात ड्राइव्हचा दोष नाही. मोठ्या फायली, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापर असेल तर ‘एक्सफॅट’. ‘एनटीएफएस’ मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. विंडोजची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट ३२ देत आलेली नाही, त्यासाठी ‘रुफस’ हा छोटा मोफत प्रोग्राम कामाला येतो. मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा आणि स्कीम (पार्टिशनची नोंद ठेवण्याची पद्धत) ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेवा. ‘जीयूआयडी’ ठेवली तर बऱ्याच टीव्ही आणि गाड्यांना तो ड्राइव्ह दिसतच नाही.

फॉरमॅटनंतरही पुन्हा तेच

१६ जीबीचा ड्राइव्ह १४.९ दिसतो, ६४ चा ५९ च्या आसपास. हे बरोबर आहे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण अगदी स्वस्तात घेतलेला १ किंवा २ टीबीचा पेन ड्राइव्ह काही दिवसांत फायली खराब करू लागला, तर तो नकली असण्याची दाट शक्यता आहे. आत छोटी चिप असते आणि कंट्रोलरला खोटा आकार सांगायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की पुढचे सगळे हवेत जाते किंवा आधीच्यावर लिहिले जाते. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरून, परत वाचून खरा आकार सांगतात. नवा ड्राइव्ह घेतल्यावर, त्यात काही ठेवण्याआधीच ही तपासणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. बिल हातात आणि परत करण्याची मुदत शिल्लक असते.

शेवटी ‘डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे’ हा निरोप. काही ड्राइव्हना आणि एसडी कार्डाच्या अडॅप्टरला बाजूला लहानसे लॉकचे बटण असते, ते पाहा. नसेल तर डिस्कपार्टमध्ये ड्राइव्ह निवडून ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ द्या. तरीही लिहिता येत नसेल तर चिप झिजली म्हणून कंट्रोलरनेच लिहिणे बंद केले असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी नेटवर मिळणारी ‘रिपेअर टूल्स’ डाउनलोड करत बसू नका, त्यांतून नवा व्हायरस येण्याचीच भीती. ड्राइव्ह अजून वाचता येतो आहे तोवर सगळे कॉपी करून घ्या. आणि टाकून देताना लक्षात असू द्या की आता तो पुसताही येत नाही. आधार कार्ड, बँकेचे कागद त्यात असतील तर कवच उघडून आतली चौकोनी मेमरी चिप पकडीने मोडा, मगच तो ई-कचऱ्यात द्या.