सस्पेन्शनचे बोल्ट बसवताना या चुका टाळा

घरी सस्पेन्शनचे काम काढले की सगळी धास्ती जुने, गंजलेले बोल्ट सुटतील की नाही याचीच असते. प्रत्यक्षात काम बिघडते ते बहुधा नवा भाग बसवताना. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या चेसिसशी (सांगाड्याशी) जोडणारा खालचा दांडा, जागेवर बसल्यासारखा दिसतो, बोल्ट मात्र अर्ध्यावर अडतो आणि हात आपोआप हातोड्याकडे वळतो. तिथेच थांबावे. बोल्ट हाताने आत जात नसेल, तर भाग अजून जागेवर आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. बोल्टच्या जोरावर भाग ओढून आणू पाहिले की आधी आटे जातात, आणि समोरचा नट चेसिसला वेल्ड केलेला असेल, तर अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होऊन बसते.

म्हणून हलवायचा तो भाग, बोल्ट नव्हे. गाडी पक्क्या स्टँडवर उभी करून आर्मखाली दुसरा जॅक लावावा आणि तो अगदी थोडाथोडा वर घेत छिद्रे समोरासमोर आणावीत. मात्र गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे सतत लक्ष असावे. उरलेला फरक एका बाजूने निमुळता पंच घालून काढावा आणि दुसऱ्या बाजूने बोल्ट सरकवावा. छिद्र जुळले का हे पाहण्यासाठी त्यात बोट कधीही घालू नये. आर्म अचानक सरकला तर बोट कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. बोल्ट एकाहून अधिक असतील, तर प्रत्येक बोल्ट आधी हाताने चार-पाच फेरे फिरवून धरावा आणि सगळे धरल्यावरच पाना लावावा. एकच बोल्ट आधी पूर्ण कसला, तर दुसऱ्याचे छिद्र हमखास हटते. सुरुवातीलाच इम्पॅक्ट गन (बोल्ट कसणारे यंत्र) लावणे तर टाळावेच, कारण आटे तिरके चढले आहेत हे हाताला लगेच जाणवते, गनला जाणवत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट घट्ट होऊ लागला, तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतरही तपासावे. १२ मिमीचे बोल्ट १.२५, १.५ आणि १.७५ मिमी अशा वेगवेगळ्या पिचमध्ये मिळतात आणि ते दिसायला सारखेच असतात.

काही गाड्यांत बॉल जॉइंटची (आर्मच्या टोकाच्या गोल फिरणाऱ्या सांध्याची) दांडी नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, खालून शिरते आणि आडवा बोल्ट तिला आवळून धरतो. या दांडीला एक अर्धगोल खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच जावा लागतो. माझ्या पहिल्या कामात हा बोल्ट निम्म्यावर अडला होता. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा बोल्टच्या वाटेत दांडीची चकाकती कड आडवी आलेली दिसली, म्हणजेच दांडी काही मिलीमीटर खाली राहिली होती. नकल पुन्हा मोकळा करून, छिद्र वायर ब्रशने साफ करून दांडी पूर्ण वर सारली, तेव्हा तोच बोल्ट दोन बोटांनी आत गेला. त्या वेळी हातोडा मारला असता, तर बोल्ट कदाचित बसलाही असता. पण खाच चेपली गेली असती आणि चाक ज्याच्या आधारावर आहे तो सांधा कायमचा कच्चा राहिला असता.

निमुळत्या दांडीचा बॉल जॉइंट असेल, तर नट कसताना दांडीच गोल फिरू लागते. अशा वेळी खालून जॅकने हलका दाब दिला की दांडी छिद्रात घट्ट बसते. हा निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ असावा, त्याला ग्रीस लावू नये. नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचे दांडीतले भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत किंचित कसावा. जुळवण्यासाठी तो सैल मात्र कधीही करू नये.

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत उशिरा कळणारी चूक म्हणजे चाक हवेत लोंबत असतानाच रबरी बुशचे (आर्म जिथे चेसिसला जोडला जातो तिथल्या रबरी नळीचे) बोल्ट पूर्ण कसणे. बुशची आतली धातूची नळी बोल्टमुळे चेसिसवरच्या कंसाला (ब्रॅकेटला) आवळली जाते, बाहेरची आर्मसोबत फिरते आणि मधले रबर दोघींना चिकटलेले असते. आर्म खाली लोंबत असताना बोल्ट कसला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. शेवटी आर्मखालचा जॅक वर घेत तेच अंतर आणावे आणि मगच या बोल्टना अंतिम टॉर्क (कसण्याचा ठरावीक जोर) द्यावा. अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी आडवी सळई, हिच्या लिंक बसवताना दोन्ही बाजूंची चाके समान उंचीवर असावीत, नाहीतर बार पिळलेला राहतो आणि छिद्रे जुळता जुळत नाहीत.

टॉर्कचा आकडा त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा आणि त्याचे एककही नीट वाचावे. १०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १३६ न्यूटन-मीटर, त्यामुळे एककाची गल्लत झाली तर बोल्ट ताणला जातो. पान्यावर दिलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर घर्षणातच खर्च होतो. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेले नसताना आट्यांना तेल लावले, तर त्याच आकड्यावर बोल्टवर कितीतरी जास्त ताण येतो. आत नायलॉनची कडी असलेले नट आणि एकदाच वापरायचे बोल्ट नवेच घ्यावेत. कसून झालेल्या प्रत्येक नटावर बोल्टपर्यंत जाणारी रंगाची एक रेघ ओढावी.

यानंतरही ब्रेक दाबताना किंवा हळू वेगात खड्ड्यातून जाताना एकच ‘टक्’ असा आवाज आला, तर आधी आर्मचे आणि स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या भागाचे) बोल्ट पाहावेत. रेघ तुटलेली दिसली की दोषी नट सापडला. स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर स्ट्रट आणि नकल यांना जोडणारे बोल्ट मूळ खुणेवर बसलेले नसण्याची शक्यता असते, कारण तिथला थोडासा फरकही चाकाचा कल बदलतो. व्हील अलाइनमेंट तर या कामानंतर करून घ्यावेच, आणि साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर चाकाच्या नटांसह सगळे टॉर्क एकदा पुन्हा तपासावेत.