गोव्यात घरोघरी ट्यूशन घ्यायचा विचार करताय? मग पाचवीपासून सुरू करा

लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन क्लासला पालक कंटाळले आणि घरी येऊन शिकवणाऱ्या सर-टीचरना परत बोलावणी यायला लागली, आमच्या फोंड्यात तरी हे रोज दिसतंय. धंदा म्हणून चालतो का, तर हो, चालतो, पण नवीन माणूस सरळ दहावीच्या मागे लागतो आणि तिथेच अडकतो. दहावीला मोठे क्लासेस आहेत, आणि मिळालेलं पोर परीक्षा झाली की जातं, दरवर्षी परत शोधाशोध.

खरी गरज पाचवी-सहावीत आहे. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीतून, आणि पाचवीला बहुतेक मुलं एकदम इंग्लिश मीडियममध्ये जाऊन पडतात. डिचोली, सत्तरी, पेडणे भागात तर घरोघरी हेच. पोराला गणित येत नाही म्हणून आई तुम्हाला बोलावते, तुम्ही बसता, नफा-तोट्याचं शाब्दिक उदाहरण इंग्लिशमध्ये समोर ठेवता, पोर गप्प. तेच मराठीत वाचून दाखवा, पेन्सिल न उचलता उत्तर देतो! म्हणजे गणित पक्कं आहे, वाचताना गाडी अडते. अशा मुलाला आधी उदाहरण मराठीत सांगायला लावा, मग इंग्लिश ओळीत काय दिलंय आणि काय विचारलंय ते त्यालाच अधोरेखित करू दे, नवीन शब्दांची वेगळी वही ठेवा. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो आणि मग ते घर तुम्हाला दहावीपर्यंत सोडत नाही, मागून धाकटं भावंडही येतं.

आता पैशाचं. एक घर साखळीत, दुसरं म्हापशात असं घेतलंत तर फी पेट्रोलात जाते, आणि पावसात स्कूटर चालवताना हाल होतात ते वेगळंच. एकच वाडा, म्हणजे गावातली एकच वस्ती, धरा. समजा एका मुलाला घरी जाऊन महिना 3000 घेता, तर शेजारची तीन मुलं एकाच घरी बसवून प्रत्येकी 1500 घ्या, तुमचे 4500 झाले, पालकांचे अर्धे वाचले, तास तेवढाच. तीनच्या वर नको, मग लक्ष राहत नाही आणि घरी शिकवण्याला अर्थच उरत नाही.

फी महिन्याच्या सुरुवातीला, आणि हे पहिल्याच भेटीत बोला. आपल्याकडे सगळे ओळखीचे, भिडेपोटी मागायचं राहतं आणि दोन-दोन महिने थकतात. गणेश चवथीची सुट्टी, आजारपण, बुडलेला तास कधी भरून द्यायचा, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून टाका. शिकवायला बाहेरच्या खोलीत बसा, घरात कोणीतरी मोठं माणूस असू दे, ही अट मी तरी कधी सोडणार नाही.

शाळेत नोकरी करत असाल तर मात्र यात पडू नका, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही. 16 वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका असं केंद्राने जानेवारी 2024 मध्ये सांगितलं ते 50 पेक्षा जास्त मुलांच्या कोचिंग सेंटरसाठी, तीन मुलं घेऊन बसणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. जीएसटी लागतो तो वर्षाची कमाई 20 लाखांच्या वर गेली तर, तो विषय सध्या बाजूला ठेवा.

मुलं कशी मिळवायची? पॅम्फ्लेट छापण्यात पैसे घालू नका, शाळा सुटताना गेटवर उभ्या आया एकमेकींना जे सांगतात त्यावरच हे चालतं. एका पोराचे मार्क सुधारले की आठ दिवसांत अख्ख्या वाड्याला कळतं. आणि जूनची वाट बघत बसू नका, 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झालेत, त्यामुळे मार्चमध्येच पालकांशी बोलून ठेवा आणि चौथी संपवणाऱ्या मुलांना मे महिन्यात रोज अर्धा तास नुसतं इंग्लिश वाचायला बसवा.