मासेमारी नौकेवरील व्हीएचएफ अँटेना : बसवताना आणि तपासताना या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा सर्वच बंदरांत इंजिनाची, जाळ्यांची आणि रंगकामाची कामे उरकली जातात. डोलकाठीवरच्या अँटेनाची आठवण मात्र बोट बाहेर पडून शेजारच्या बोटीचा आवाजही तुटक येऊ लागल्यावरच होते. मग दोष व्हीएचएफ (बोटींना आपसांत आणि किनाऱ्याशी बोलण्याचा रेडिओ) संचाला दिला जातो, तो खोलला जातो, प्रसंगी नवा घेतला जातो आणि तक्रार तशीच राहते, कारण बिघाड बहुधा संचाच्या पाठीमागच्या केबलपासून वर कुठेतरी असतो.

अँटेना हाताशी राहावा म्हणून केबिनच्या छपरावर बसवणे ही नेहमीची चूक आहे. व्हीएचएफच्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो तो मुख्यतः उंचीवर. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर पल्ला साधारण १६ किलोमीटर मिळतो. तेच ९ मीटरवर नेले तर तो २५ किलोमीटरच्या जवळ जातो. संच २५ वॉटचा असला तरी क्षितिजाची ही मर्यादा तो फारशी ओलांडू शकत नाही.

ट्रकवरच्या सीबी रेडिओची (जवळच्या अंतरावर बोलण्याचा साधा रेडिओ) सवय असलेला कारागीर बोटीवर आला की आणखी दोन चुका घडतात. सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि तिथे अँटेनाची दांडी थोडी थोडी कमी करून मेळ साधण्याची पद्धत आहे. सागरी व्हीएचएफचा १६ क्रमांकाचा चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे आणि त्याचा फायबरच्या नळीतला बंद अँटेना कारखान्यातच जुळवलेला असतो. तो कापणे म्हणजे फुकट घालवणे. दुसरे असे की, वाहनावरच्या सुमारे ४८ सेंटिमीटरच्या पाव-लहरी (लहरीच्या लांबीच्या चौथाई) दांडीला खाली धातूचा पत्रा लागतो. ट्रकच्या टपावर तो आयता मिळतो, फायबरच्या किंवा लाकडी बोटीवर मिळत नाही. तिथे पत्र्याशिवाय चालणारा अर्ध-लहरी सागरी अँटेनाच घ्यावा. सीबीसाठी बनवलेला एसडब्ल्यूआर मीटरही (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला) इथे वापरू नये, त्याचे आकडे या वारंवारतेवर भरवशाचे नसतात.

खरी गफलत केबलमध्ये होते. डिश टीव्हीची उरलेली केबल जोडणारे कमी नाहीत. ती ७५ ओहमची असते, संच आणि अँटेना मात्र ५० ओहमचे. योग्य ओहमची पण बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर ओढली तर २५ वॉटपैकी जवळपास निम्मी शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. जाड आरजी-२१३ मध्ये सुमारे १८ वॉट वर पोहोचतात. त्यात खारे पाणी शिरले की तोटा वाढत जातो. वरच्या कनेक्टरजवळ केबलचे काळे आवरण वीतभर उभे चिरून पाहावे. आतली तांब्याची जाळी लखलखीत असायला हवी. ती काळवंडलेली किंवा हिरव्या कळंकाने भरलेली दिसली तर कनेक्टर बदलून भागत नाही, केबलच बदलावी लागते.

अशा खराब केबलवर एसडब्ल्यूआर मीटर चांगला आकडा दाखवतो, ही गोष्ट जाणकारांच्याही नजरेतून सुटते. अँटेनाकडून परतणारी शक्ती खाली येताना पुन्हा केबलमध्येच विरते, म्हणून मीटरला ती थोडीच दिसते. एका दिशेने जाताना ६ डेसिबल तोटा होणाऱ्या केबलचा अँटेना पूर्ण काढून ठेवला तरी संचाजवळचा मीटर १.७ च्या आसपासच आकडा देईल आणि पाहणारा समाधानाने मान डोलावेल. प्रत्यक्षात अशा केबलमधून वर जेमतेम चौथाई शक्ती जाते. म्हणून केवळ खालच्या आकड्यावर विसंबू नये. केबलच्या वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा भार) जोडून दोन्ही टोकांना वॉट मोजावेत. मग अँटेना जोडून एसडब्ल्यूआर केबलच्या वरच्या टोकालाच तपासावा; तिथे तो १.५ पर्यंत असेल तर उत्तम, ३ असेल तर चौथाई शक्ती परत फिरते आहे असे समजावे.

कनेक्टर स्वतःहून जलरोधक नसतो, त्यावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांबे खाते, ते टाळावे. मल्टिमीटरने अँटेना शॉर्ट दाखवला म्हणून तो फेकूही नये, कारण अनेक अँटेनांची रचनाच तशी असते.

अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय संचाचे बटण दाबू नये. चाचणीसाठी १६ क्रमांक अडवून धरू नये, तो संकटाचा आणि हाक देण्याचा चॅनेल आहे. ७० वर तर बोलूच नये, तो डिजिटल संकेतांचा चॅनेल आहे. मोकळा चॅनेल ऐकून घेऊन आधी १ वॉटवर आणि मग २५ वॉटवर तपासावे. २५ वॉटवर बोलताना संच बंद पडत असेल तर बॅटरीपासून आलेली बारीक वायर पाहावी, कारण त्या वेळी संच ५ ते ६ अँपिअर ओढतो. शेवटची चाचणी बंदराबाहेर, इंजिन आणि डेकवरचे एलईडी दिवे चालू ठेवून घ्यावी. दिवे बंद करताच दूरचा आवाज स्पष्ट झाला, तर अँटेनाला हात न लावता दिव्यांच्या वायरिंगकडे वळावे.