खुरप्याने स्टार्टचे खड्डे खणताना
१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सने १०० मीटर शर्यत १०.३ सेकंदांत जिंकली, ती ट्रॅकमध्ये खणलेल्या खड्ड्यांतून सुटून. सुटताना पाय रेटायचे स्टार्टिंग ब्लॉक ऑलिंपिकमध्ये आले ते थेट १९४८ ला. साताऱ्याच्या मुरमाड मैदानावर हे आजही जमतं.

आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. टाचेला बोटं लावत रेषेपासून दोन पावलं मागे मोजा, तिथे पुढच्या पायाचा खड्डा. आणखी पाऊलभर मागे दुसरा. खोली चवडा मावेल एवढीच, साधारण चार बोटं. खरं मर्म मागच्या भिंतीत आहे: ती जवळजवळ उभी तासा आणि थापटून घट्ट करा. कोरडी भिंत पहिल्याच रेट्याला ढासळते, पाय मागे सरकतो आणि सुरुवातच हातची जाते. शर्यत संपली की खड्डे बुजवा, नाहीतर कुणाचा तरी घोटा मुरगळेल.