श्रवण चाचणीत या चुका टाळा

ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण चाचणीचा आलेख, हातात आला की नजर थेट डेसिबलच्या आकड्यावर जाते. तो आकडा कसा काढला, हे क्वचितच विचारलं जातं. गडबड बहुधा तिथेच असते.

आधी खोली बघा. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या दवाखान्यात नुसतं दार लावून चाचणी उरकली, तर वाहतुकीची आणि एसीची घरघर २५० आणि ५०० हर्ट्झचे मंद स्वर झाकून टाकते. मग नसलेला दोष आलेखात दिसतो. हाडामार्गे, म्हणजे कानामागच्या हाडाला कंपन देऊन, तपासताना कान उघडे असतात, तेव्हा हा त्रास आणखी वाढतो. साउंडप्रूफ बूथ नसेल तर दुसरं केंद्र शोधा. ढोल-ताशाच्या सरावानंतर किंवा गोंगाटाच्या कारखान्यातली पाळी संपवून लगेच चाचणीला बसू नका. कान तात्पुरते मंदावलेले असतात; किमान १४ ते १६ तास शांततेत जाऊ द्या. कानात मळ साचला असेल तर तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्या.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे मास्किंग न करणं, म्हणजेच एक कान तपासताना दुसऱ्या कानात झाकणारा आवाज न सोडणं. उजवा कान पूर्ण बहिरा असला, तरी त्यात दिलेला मोठा आवाज कवटीतून डाव्या कानापर्यंत जातो आणि रुग्ण बटण दाबतो. साध्या हेडफोनने आवाज साधारण ४० डेसिबलच्या फरकापासूनच पलीकडे जाऊ शकतो. हाडामार्गे तर जवळजवळ कमी न होताच जातो. म्हणून चांगल्या कानात मास्किंगचा घुमारा सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. ते केलं नाही, तर ठार बहिऱ्या कानाचा दोष मध्यम वाटतो आणि त्याच कानासाठी हजारो रुपयांचं ऐकण्याचं मशीन घेतलं जातं. आलेखावर हे तपासता येतं: हवेमार्गे (हेडफोनने) उजव्या कानाची खूण लाल गोल, मास्किंग केलं असेल तर त्रिकोण, डाव्याची निळी फुली, मास्किंगनंतर चौकोन. दोन कानांत मोठा फरक आहे आणि खुणा साध्याच आहेत? चाचणी पुन्हा करायला सांगा.

हाडामार्गे चाचणी न करता मशीन घेऊच नका. हाडामार्गे ऐकणं चांगलं आणि हवेमार्गे कमी असेल, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. असा दोष अनेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो.

टिम्पॅनोग्राम, म्हणजे हवेच्या दाबाने कानाचा पडदा किती हलतो याचा आलेख, सपाट आला म्हणजे पडद्यामागे पाणीच, असंही नाही. त्यावर दिलेलं कानाच्या बाहेरच्या नळीचं आकारमान बघा: ते फार मोठं असेल तर पडद्याला छिद्र असू शकतं, फार लहान असेल तर मळ किंवा नळीच्या भिंतीला टेकलेला प्रोब (कानात घातलेलं यंत्राचं टोक).

बाळाच्या मागे ताट वाजवून घरी खात्री करू नका. ते हालचालीने किंवा सावलीनेही वळतं. जन्मानंतर एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाची ओएई चाचणी (आतल्या कानातून परत येणारा क्षीण आवाज मोजणारी) ‘पास’ आली तरी थांबू नका. ओएई आतल्या कानातल्या केसपेशींपर्यंतच सांगते, पुढच्या नसेचा दोष तिला दिसत नाही. त्यासाठी बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी, लागते. पहिली तपासणी १ महिन्याच्या आत आणि निदान ३ महिन्यांच्या आत व्हायला हवं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण तपासणी होते. बाळाला नेताना जुने सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.