३.४ × १०^४ म्हणजे नक्की किती? पॉवरवाला आकडा सरळ कसा लिहायचा

ऐरोली-घणसोलीची नववी-दहावीची मुलं माझ्याकडे गणिताला येतात, त्यांच्यात सगळ्यात कॉमन चूक म्हणजे १०^८ दिसलं की आकड्यापुढे डोळे झाकून आठ शून्यं लावायची. (^ म्हणजे पॉवर, टाइप करायला सोपं पडतं.) शून्यं मोजूच नका, पॉइंटच्या उड्या मोजा.

आपल्या ठाण्याचंच घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली पॅसेंजर गाडी आली, अंतर साधारण ३४ किलोमीटर, म्हणजे ३.४ × १०^४ मीटर. पॉवर ४, तर पॉइंट उजवीकडे चार घरं न्यायचा. पहिली उडी ४ वरून गेली, पुढे आकडेच नाहीत म्हणून उरलेल्या तीन घरांत शून्य, उत्तर ३४,०००. चार शून्यं लावलीत तर ३४० किलोमीटर होतात आणि गाडी मनमाडच्याही पुढे जाते.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २.९९८ × १०^८ मीटर. तीन उड्या ९९८ वरून, राहिल्या पाच, म्हणून २९,९८,००,०००. उत्तर बरोबर आहे का बघायला आपली मोजणी मस्त कामाला येते, १०^५ म्हणजे लाख, १०^७ म्हणजे कोटी, मग १०^८ म्हणजे दहा कोटी, त्याच्या जवळपास तिप्पट तीस कोटी, जुळलं! मिलियन-बिलियनपेक्षा मुलांना हे पटकन कळतं.

पॉवर मायनस असेल तर पॉइंट डावीकडे. लाल लेझरची वेव्हलेंग्थ ६.५ × १०^-७ मीटर धरा, पहिली उडी ६ वरूनच जाते म्हणून पॉइंटनंतर शून्यं सहाच, ०.००००००६५. मायनस पॉवरला आहे, आकड्याला नाही, त्यामुळे उत्तर छोटं येतं, ऋण नाही.

आता मोठ्यांचा प्रॉब्लेम. सोसायटीच्या एक्सेल शीटमध्ये ९१ लावून मोबाईल नंबर टाकला की ९.१९८७७ई+११ असं काहीतरी दिसतं. ई+११ म्हणजे गुणिले १०^११, पण इथे हाताने पॉइंट सरकवू नका, कारण दिसतायत ते सहाच आकडे, बाकीचे राउंड होऊन झाकले गेलेत. सेलचा फॉरमॅट नंबर करा, डेसिमल शून्य ठेवा, पूर्ण नंबर परत दिसेल. मात्र तसंच सीएसव्ही फाईलमध्ये (कॉमा टाकून आकडे लिहिलेली साधी टेक्स्ट फाईल) सेव्ह केलंत तर झाकलेले आकडे खरंच जातात. आणि एक्सेल १५ च आकडे धरतं, १६ आकडी खाते नंबर असेल तर शेवटचा आकडा गपचूप शून्य होतो, म्हणून अशा कॉलमचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करायचा आणि मगच नंबर टाकायचे.