बेळगावात शिकायला-शिकवायला नव्यानं आलात, तर आधी ओटीपी, नाव आणि कळफलक

प्रवेशाच्या दिवसांत ग्रंथालयात कुणी नवीन मूल आलं की मी पहिल्यांदा एकच विचारते, अर्ज भरताना मोबाइल नंबर कुणाचा दिलास? पुष्कळदा उत्तर येतं, ‘नेट सेंटरवाल्या दादांचा.’ मग मी त्याला खुर्ची देते, कारण ते काम पाच मिनिटांत उरकणारं नसतं.

मी मूळची गडहिंग्लजची. २००७ साली नोकरीसाठी बेळगावात आले, आधी शहापुरात भाड्यानं राहिले, आता टिळकवाडीत घर आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. चंदगड, आजरा, कागल, सावंतवाडी या भागांतून येणारी मुलं आणि नव्यानं रुजू होणारे शिक्षक दरवर्षी बघते. बाजारात, गल्लीबोळांत त्यांचं काही अडत नाही. गणपत गल्लीत मराठीत भाव करता येतो, घरमालकीणही मराठीतच बोलते. अडतं ते संगणकासमोर बसल्यावर. तिथं सूचना कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, आपले दाखले मराठीत आणि ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात.

चंदगडकडची एक मुलगी होती, बीए पहिल्या वर्षाची. प्रवेशाच्या वेळी गावाजवळच्या सेंटरवाल्यानं तिचा अर्ज भरून दिला, नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकला. त्याचा हेतू वाईट नव्हता, दहा जणांचे अर्ज भराभर उरकायचे होते. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा पासवर्ड तिला माहीत नव्हता. नवीन पासवर्डासाठी ओटीपी त्या माणसाकडे जाणार आणि त्यानं तोवर सिम बदललेलं. कार्यालयातले क्लार्क भले गृहस्थ, पण ते तरी काय करणार? ‘नाळे बर्री,’ म्हणाले, उद्या या. असे चार ‘उद्या’ झाले. अर्ज, ओळखपत्राची प्रत, प्राचार्यांची सही, मग नंबर बदलून मिळाला. परीक्षा शुल्क दंडासकट भरावं लागलं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली होती, ते मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, नंबर आणि ईमेल स्वतःचाच हवा. आईवडिलांचाही नको, तुमचा. इथल्या राज्य विद्यापीठांच्या पदवीचा बहुतेक कारभार यूयूसीएमएस या एकत्रित व्यवस्थेवर चालतो. प्रवेश, परीक्षा शुल्क, हॉल तिकीट, निकाल, सगळं तिथंच. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, त्याच्या महाविद्यालयांत आलात तर याच दारातून जावं लागेल. अभियांत्रिकीची मुलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची, त्यांची व्यवस्था वेगळी. पण ओटीपीचा नियम तिथंही तोच.

दुसरी चूक जुन्या सिमची. इथं आल्यावर मुलं नवीन सिम घेतात आणि गावाकडच्या नंबरचं रिचार्ज थांबवतात. आधारला, बँकेला जोडलेला असतो तो जुनाच नंबर. काही महिने रिचार्ज नाही झालं की तो बंद पडतो आणि पुढं दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग बँकेचे निरोप त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. एक तर जुना नंबर चालू ठेवा, नाही तर आधी आधार केंद्रात आणि बँकेत जाऊन नवीन नंबर नोंदवा, मगच जुना सोडा. क्रम उलटा झाला की फेऱ्या सुरू.

आता नावाचं. हा घोळ खास सीमेवरचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पाटील स्नेहल मारुती. आधारवर तेच नाव स्नेहल मारुती पाटील होतं. कर्नाटकात वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायची पद्धत, म्हणून इथल्या यादीत ती स्नेहल एम. पाटील होते. आपल्याला ती एकच मुलगी दिसते, यंत्राला तिघी दिसतात. डिजिलॉकर, म्हणजे दाखले मोबाइलवर ठेवायची सरकारी सोय, आधारवरचं नाव उचलतं, महाविद्यालय गुणपत्रिकेवरचं घेतं. श्रेयांकांसाठी, म्हणजे क्रेडिट जमा करायला लागणारा एबीसी आयडी काढायला गेलात की दोन्ही जुळत नाहीत आणि काम तिथंच थांबतं.

दहावीची गुणपत्रिका पाया धरा. त्यातलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर बघा, ‘मारुती’च्या शेवटी आय आहे की डबल ई आहे इथपर्यंत. तेच आधारवर आणि तेच बँकेत. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईनं केंद्रात जाऊन ‘करून टाका’ म्हणू नका. आधी कागदावर तीन ओळींत तिन्ही ठिकाणचं नाव लिहून काढा, कार्यालयात दाखवा, मग ठरवा.

गावांच्या नावांतही हेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर. जुन्या दाखल्यावर जुनं स्पेलिंग, नव्या अर्जात नवं. यादीत जिल्हा सापडला नाही की मुलं घाबरतात आणि भलताच जिल्हा निवडतात. दोन्ही स्पेलिंग शोधून बघा. संशोधनासाठी जुने लेख, जुने अहवाल शोधतानाही दोन्ही नावांनी शोधा, नाही तर २०१४ च्या आधीचं बरंच काही हाती लागणार नाही.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. कर्नाटकाच्या एसएसपी पोर्टलवर जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर विचारतात. तो इथल्या नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीच्या दाखल्यावर असतो, महाराष्ट्राच्या दाखल्यावर नसतो. तुमचं घर महाराष्ट्रात असेल तर आधी कुठल्या योजनेत बसता ते महाविद्यालयात विचारा. बायकांना इथं सरकारी बस फुकट आहे, ती शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. पण ती कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी, गावाकडच्या पत्त्याचं आधार दाखवून वाहकाशी वाद घालू नका, पोरींनो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, टायपिंग. २०१२ साली एका चर्चासत्रासाठी मी मराठीत निबंध लिहिला, जुन्या फॉन्टात, आम्हाला तेच शिकवलेलं. पेनड्राइव्ह घेऊन गेले, तिथल्या संगणकावर फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. एक ओळ वाचता येईना. हातात छापील प्रत होती म्हणून निभावलं. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर हे फक्त चित्र असतं. आत इंग्रजी अक्षरच बसलेलं, त्यावर ‘क’चं चित्र चढवलेलं. तो फॉन्ट नसेल तिथं चित्र गळून पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते फोनवर, ईमेलात, कुठंही तेच राहतं. तुमचे जुने प्रबंध, टिपणं जुन्या फॉन्टात असतील तर आजच परिवर्तकातून युनिकोडमध्ये काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. पीएचडी करणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. वाङ्मयचौर्य तपासणारं यंत्र जुन्या फॉन्टातलं मराठी मराठी म्हणून वाचतच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, १० ते ४० टक्के आलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. ते आकडे खरे यायला मजकूर आधी वाचता यायला हवा.

युनिकोड ठरलं की कळफलक कुठला? सगळे फोनेटिककडे धावतात, इंग्रजीत ‘नमस्कार’ लिहायचं आणि मराठी उमटायचं. दोन ओळींच्या निरोपाला ते ठीक. पण तुम्ही या सीमेवर राहायला आला आहात, म्हणून मी इनस्क्रिप्ट शिका म्हणते. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आणि भारतातल्या लिप्यांना मांडणी एकच. ‘के’च्या कळीवर मराठीत ‘क’ येतो, कन्नड निवडलं की त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ येतो.

करून बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. आता मराठी निवडून व्ही, आय, जे या तीन कळा दाबा, ‘नगर’ उमटेल. भाषा कन्नड करा, त्याच तीन कळा दाबा. तोच ‘नगर’ गोल गोल कन्नड अक्षरांत समोर येतो. फरक थोडा आहे. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन असतात. दीर्घ ‘ए’ची मात्रा आपल्या नेहमीच्या एसच्या कळीवर, ऱ्हस्वाची झेडवर. बाकी बोटांना नवीन फारसं शिकावं लागत नाही.

आमच्याकडे खानापूरकडचे एक मराठीचे प्राध्यापक होते. कन्नड बोलता उत्तम यायचं, लिहिता अजिबात नाही. इनस्क्रिप्टवर महिनाभर मराठी टाइप केल्यावर त्यांनी कन्नडमध्ये रजेचा अर्ज स्वतः टाइप केला. लिपीची ओळख त्यांना बोटांतून झाली, कळ दाबायची आणि पडद्यावर कुठला आकार येतो ते बघायचं. ‘अगं, हा ‘ल’ आहे होय, मी इतकी वर्षं बसवर बघतोय,’ असं ते एकेक अक्षराला म्हणायचे. मला तो दुपारचा आवाज अजून ऐकू येतो. ज्यांचं वय झालंय, बोटं वळत नाहीत, त्यांच्यासाठी गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायची सोय आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, विरामचिन्हं मात्र हातानं घाला.

सूचनाफलक वाचायला फोनमध्ये गुगल ट्रान्सलेट ठेवा, कन्नडची फाइल आधीच उतरवून घ्या म्हणजे नेट नसतानाही चालेल. कॅमेरा धरला की मजकूर वाचून देतो. कधी पीडीएफमधला कन्नड मजकूर कॉपी केला तर निव्वळ कचरा येतो, कारण तोही जुन्या फॉन्टातला असतो. तेव्हा पडद्याचा फोटो काढून त्याचं भाषांतर करा. पण तारखा आणि रकमा यंत्रावर सोडू नका. कन्नड आकडे शिका, दहाच आहेत. आणि एवढे शब्द पाठ ठेवा. सुत्तोले म्हणजे परिपत्रक, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख, हेसरु म्हणजे नाव, रजे म्हणजे सुट्टी. अर्जी, शुल्क, सही, विद्यार्थिवेतन हे तर तुम्हाला सांगायलाच नकोत.

ग्रंथालयाचं म्हणाल तर शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही. पुष्कळ मराठी प्रबंध नुसते स्कॅन केलेले असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. लागतील तेवढी पानं गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं सुटी होऊन येतात. चुका राहतात, पण शोधायला पुरतं. महाविद्यालयाकडे एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनाच्या योजनेचं सदस्यत्व असेल तर घरबसल्या नियतकालिकं वाचता येतात, त्याचा लॉगिन ग्रंथपालाकडे मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

फसवणुकीचं एकच सांगते, कारण यात आपली माणसं नेमकी सापडतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्पात जवान दिसतात, सैन्याबद्दल आपल्या मनात आदर असतो. त्याचाच फायदा घेऊन कुणी फोन करतो, मी फौजेत आहे, बदली झाली, खोली किंवा फर्निचर स्वस्तात देतो, थोडा ॲडव्हान्स टाका. गणवेशातला फोटो पाठवतो, ओळखपत्र पाठवतो. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन विचारला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवून ठेवायची शक्यता जास्त. मुलं घरी कळेल म्हणून दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर पैसे चार खात्यांतून फिरून जातात.

आणि शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका. जुलैत इथला पाऊस सुरू झाला की वीज जाते, खानापूरच्या बाजूला तर तासन् तास. फोटो, सही, गुणपत्रिका यांच्या लहान आकाराच्या फाइली आधीच करून, फाइलला स्वतःचं नाव देऊन ड्राइव्हवर ठेवा.

माझ्याकडे येणार असाल तर दुपारी तीननंतर या, तेव्हा गर्दी कमी असते. येताना दहावीची मूळ गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक आणि गावाकडचं ते जुनं सिम घातलेला फोन आणा. फोन चार्ज केलेला असू द्या.